पहिली गोधडी मधोमध का फुगते

प्रश्न थोडक्यात असा: आजी गेली. तिच्या अकरा साड्या माझ्याकडे आहेत, चार नऊवारी आणि सात सहावारी. व्हिडिओ बघून एक गोधडी शिवायला घेतली. कडेने सुरुवात करून चौकोनात आत आत येत गेले, तर मधे उशीएवढा फुगा आला. माझा टाका वाईट आहे म्हणून असं झालं का? आधी टाका कुठे शिकू? तुम्ही स्वतः कशा शिकलात? की सरळ मशीनवर मारून टाकू? आणि आजीच्या साड्यांना कात्री लावायचा धीर होत नाही, त्याचं काय करू?

टाक्याला दोष देऊ नका. फोटोत दिसतंय तसा तुमचा टाका वेडावाकडा आहे, कुठे तांदळाएवढा तर कुठे बोटाच्या पेराएवढा. पण फुगा त्याने आलेला नाही. तो तुम्ही सुई हातात घेण्याआधीच आला होता, फक्त तेव्हा दिसत नव्हता. थर एकावर एक टाकले, हाताने वरवर सारखे केले आणि कडेने शिवत निघालात. खालच्या थरांत जेवढा म्हणून झोळ होता तो प्रत्येक ओळीबरोबर आत ढकलला गेला. चारी बाजूंनी कोंडल्यावर जाणार कुठे? मधे येऊन बसला.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्या बहुतेकींची पहिली गोधडी अशीच फुगते. सगळ्याजणी येतात त्या "टाका शिकवा" म्हणत. टाका म्हणजे साधा धावदोरा, दहा मिनिटांत समजतो आणि हाताला वळण लागायला काही हजार टाके घालावे लागतात. त्यात शिकवण्यासारखं फार काही नाही. शिकायची असते ती मांडणी, म्हणजे कुठलं कापड कशाखाली, ते किती ताणायचं, कुठे सोडायचं. जुन्या बायका ती वेगळी शिकवत नसत, कारण पोरगी सुई धरायच्या आधी दोन-तीन उन्हाळे नुसती अवतीभवती असायची आणि तेवढ्यात तिला ते कळलेलं असायचं. व्हिडिओत नेमका हा भाग गाळलेला असतो. व्हिडिओ सुरू होतो तेव्हा थर आधीच अंथरलेले असतात.

मी माणदेशातली. गोधड्या शिवायचे दिवस म्हणजे चैत्र-वैशाख. शेतात काम नाही, ऊन असं की दुपारी बाहेर पाय टाकवत नाही, मग सोप्यात, म्हणजे घराच्या ओसरीत, नाहीतर लिंबाच्या सावलीत बायका बसायच्या. मला आठवतोय तो पहिला उन्हाळा 1973 चा, बहात्तरच्या दुष्काळाच्या मागचा. मी नऊ वर्षांची. आई आणि आबा पाझर तलावाच्या कामावर जायचे आणि घरी आज्जी, दोन शेजारणी, एक चुलती. चौघीजणी गोधडीच्या चार बाजूंना. तिघींना सुईचं नाक दिसत नव्हतं. माझं काम एकच, सुया ओवून द्यायच्या. दहा सुया ओवायच्या आणि गोधडीच्या काठाला ओळीने खोचून ठेवायच्या. एकीचा दोरा संपला की ती न बघता हात मागे करायची आणि पुढची सुई उपटून घ्यायची.

यातून मी काय शिकले ते तेव्हा कळलं नाही. दोरा किती घ्यायचा ते शिकले. कंटाळा आला म्हणून एकदा मी वावभर, दोन्ही हात पसरून होतील एवढे लांब, दोरे ओवले, म्हणजे परत परत ओवायला नको. आज्जीच्या तिसऱ्याच टाक्याला गुंता झाला. "दोरा कोपरापातूर," एवढंच म्हणाली, "फुडचा दोरा तुझ्या नाकात घाल." आजही मी दोरा बोटाच्या टोकापासून कोपरापर्यंत, आणि वर फारतर वीतभर घेते. त्याहून लांब घेतला की तो प्रत्येक टाक्याला कापडातून घासून पिळतो, केसाळ होतो आणि शेवटच्या वीतभरात तुटतो.

पुढच्या वर्षी बढती मिळाली ती उसवायच्या कामावर. जुनी विरलेली गोधडी टाकून द्यायची नसते. वरचं फाटलेलं कापड काढायचं, आतलं धड निघालं की ते नव्या गोधडीत मधला थर म्हणून घालायचं. कधी कधी आख्खी जुनी गोधडीच नवीच्या पोटात जाते. ब्लेडच्या तुकड्याने मी दोरे कापत बसायची. शिकण्याचा याहून चांगला मार्ग मला अजून सापडलेला नाही. उसवताना गोधडी उलट्या क्रमाने हातात येते. शेवटी घातलेलं आधी निघतं, मग ठिगळं, मग वरचं लुगडं, मग आतल्या धोतराचे तुकडे, आणि जोड कुठे आहेत ते दिसतं. दोन तुकड्यांचा जोड एका थरात जिथे आहे, तिथे खालच्या थरात तो कधीच नसतो. विटांच्या भिंतीसारखं. जोडावर जोड आला की तिथे गोधडी एक तर गाठाळ होते नाहीतर फाटते. हे मला कोणी सांगितलं नाही, ब्लेडने सांगितलं.

म्हणून तुम्हाला पहिला गृहपाठ हा: घरात, गावाकडे, शेजारी कुठे एखादी हाताने शिवलेली मरायला टेकलेली गोधडी असेल तर मागून आणा आणि एक कोपरा, हातभर, हळूच उसवा. नव्या सुया, चौकटी घेण्याआधी हे करा.

तिसऱ्या वर्षी अंथरायला घेतलं. शेणाने सारवलेली जमीन, तिच्यावर खालचं लुगडं, चार कोपऱ्यांवर चार वजनं. एकावर वरवंटा, एकावर पाण्याने भरलेला तांब्या, बाकी दोन धोंडे. मी एका कोपऱ्याला, चुलती समोरच्या. "वढ," म्हटलं की ओढायचं, "सोड," म्हटलं की सोडायचं. नवीन माणूस कापड ताणून ताणून बसवतो आणि वजन काढलं की ते रबरासारखं मागे येतं. खालचा थर ताणलेला आणि वरचा सैल असेल तर शिवल्यावर गोधडी वाटीसारखी वळते. कापडातली चुणी जाईल इतकंच ओढायचं आणि हात काढला तरी ते तिथेच राहतंय का ते बघायचं. प्रत्येक थर टाकला की आज्जी मधून कडेकडे तळहात फिरवायची. पोळपाटावरची भाकरी थापताना हात फिरतो, तसाच.

आणि मग कच्चे टाके. इथेच तुमची गोधडी चुकली. आमच्याकडे याला 'दोरे टाकणं' म्हणत. मधोमध आडवी एक, उभी एक अशी मोठ्या टाक्यांची फुली घालायची, नेहमी मधून कडेकडे. मग तिच्या दोन्ही बाजूंना वीत-वीत अंतरावर ओळी. टाका बोटभर लांब असला तरी चालतो, हे नंतर कापूनच टाकायचं आहे. यामुळे झोळ राहिला असेल तर तो बाहेर, कडेला निघून जातो आणि कडेला जास्तीचं कापड दुमडता किंवा कापता येतं. एवढं झालं की मग खरी शिवण खुशाल कडेने आत घ्या. आमच्याकडची चौकोनी शिवण तशीच आत आत येते. पण तुम्ही व्हिडिओत पाहिलेल्या बाईंच्या गोधडीत कच्चे टाके आधीच होते. तुमच्यात नव्हते.

हाताला खरी सुई आली ती चौथ्या वर्षी, आणि तीही पायथ्याकडच्या काठाला. शिकणारीला पायथाच मिळायचा. मी भराभर पुढे जायला लांब लांब टाके घातले. आज्जीने बघितले, काही बोलली नाही, उसवलेही नाहीत. ती गोधडी माझ्या धाकट्या भावाला दिली. आठ दिवसांत त्याच्या पायाच्या अंगठ्यात माझा टाका अडकला, रात्री त्याने झोपेत पाय झटकला आणि दोन ओळी सुटल्या. सकाळी मलाच बसवून परत घालायला लावल्या. टाका किती लांब असावा याचं माप तेव्हापासून माझ्या डोक्यात पक्कं आहे: पायाचं बोट अडकणार नाही इतका. पाव इंच टाका, पाव इंच मोकळं, हे चांगलं. नवखीने थोडा मोठा घातला तरी चालेल, पण अर्ध्या इंचाच्या पुढे जाऊ नका. आणि सगळे सारखे असण्यापेक्षा सगळे थर पकडलेले असणं महत्त्वाचं. दर दोन-चार टाक्यांनी कोपरा उलटून खालची बाजू बघा. वर छान रांग आणि खाली निम्मे टाके गायब, हा नवखीचा ठरलेला प्रकार आहे.

आता थोडा हिशोब सांगते, म्हणजे तुम्ही रविवारी एका बैठकीत संपवायला जाणार नाही. नऊवारी लुगडं म्हणजे 9 वार, साधारण 8.2 मीटर. चार घड्या घातल्या की दोन मीटरच्या थोडं वर लांब आणि सव्वा मीटरच्या आत रुंद, चार थरांची तयार मांडणी मिळते. एका माणसाला पुरते. कात्री लागत नाही, हे लक्षात घ्या, त्यावर शेवटी येते. यावर एक-एक इंच अंतराने उभ्या ओळी घातल्या तर साधारण 45 ओळी होतात. प्रत्येक ओळ 80 इंचांची, इंचाला दोन टाके धरले तर एकूण सात हजारांवर टाके. दोरा नुसत्या ओळींनाच 90 मीटरच्या पुढे जातो. मला एक ओळ घालायला दहा-बारा मिनिटं लागतात, नवखीला अर्धा तास. म्हणजे रोज तासभर बसलात तर तीन-चार आठवडे. यातल्या पहिल्या हजार टाक्यांची लाज वाटणार, ते ठरलेलंच आहे.

म्हणूनच मी कोणालाही पहिली मोठी गोधडी करू देत नाही. पहिलं दुपटं. एक हात लांब-रुंद नमुना करा असंही मी सांगत नाही, कारण नमुना कोणी पांघरत नाही आणि जे कोणी पांघरणार नाही त्यात हात मन लावून चालत नाही. दुपटं वार-सव्वा वाराचं असतं, दोन किंवा तीन थर, आठवड्यात संपतं. आमच्याकडच्या कित्येक बायका खऱ्या अर्थाने शिकल्या त्या अशाच. घरात कोणी बाळंतपणाला आली की झबली-टोपडी, कुंची आणि दुपटी करायची, आणि तिथे चूक चालत नाही. बाळाच्या अंगाला गाठ टोचता कामा नये. मग गाठ लपवायला आपोआप शिकता येतं. सुई कडेपासून जरा आत, दोन थरांच्या मधून घालायची, जिथे टाका सुरू करायचा तिथे वर काढायची आणि दोरा असा हलका झटकायचा की गाठ 'टक्' करून कापडाच्या आत जाते. जोरात ओढलात तर पलीकडून बाहेर येईल. दहादा चुकेल, अकराव्यांदा येईल. दुपट्याला नवं कापड वापरू नका. जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं सुतीच हवं, आणि ते बाळासाठीच नव्हे तर तुमच्या सुईसाठीही. नव्या कांजीच्या कापडातून चार थर टोचताना बोटं सुजतात.

सुईचं बोलायचं तर गोधडीची म्हणून लांब, जाडसर, मोठ्या नाकाची सुई मिळते, ती घ्या. दाभण नको, ते पोती शिवायला. त्याने कापडाला भोकं पडतात आणि पुढे तिथूनच कापड फाटतं. दोरा सुती, जाड, गोधडीचा म्हणून मागितला की दुकानदार देतो. मधल्या बोटाला अंगुस्तान, नसेल तर कापडाची पट्टी गुंडाळा. चौकट (ती गोल, लाकडी, तुम्ही घेतलीय ती) मला लागत नाही. जमिनीवर बसून एक गुडघा गोधडीवर ठेवला की तीच चौकट. फरशीवर कापड घसरतं, म्हणून खाली सतरंजी अंथरा. गुडघे दुखत असतील तर मोठ्या टेबलावर बसा, त्यात कमीपणा नाही.

तुम्ही आत भरायला पॉलिएस्टरचा फुगीर थर आणलात असं लिहिलंय. तो परत देता आला तर द्या. आत कापूस भरलेली ती दुलई किंवा रजई, ती पिंजाऱ्याचं काम. आणि घोंगडी वेगळी, ती लोकरीची, मागावर विणलेली. पुण्यात लोक गोधडी आणि घोंगडी हे दोन्ही शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात आणि मला दरवेळी राग येतो. गोधडीत, किंवा कोल्हापूर-सांगलीकडे म्हणतात त्या वाकळीत, कापडावर कापडच असतं. ऊब थरांमध्ये अडकलेल्या हवेची असते आणि वजन अंगावर बसतं. ते वजनच लोकांना हवं असतं.

मशीनचं विचारलंत. कडेचा गोट, म्हणजे कड झाकणारी कापडाची पट्टी, मशीनवर घाला, छान बसतो आणि टिकतो. पण आतल्या ओळी घरच्या मशीनवर घातल्या तर मशीनचे दात खालचा थर पुढे ओढतात, वरचा मागे राहतो आणि ओळ संपेपर्यंत बोटभर फरक पडतो. फुगा टाळायला गेलात आणि चुण्या आल्या असं होईल. शिवाय मशीनची शिवण कडक, गोधडी पुठ्ठ्यासारखी होते. हाताचा धावदोरा थोडा सैल असतो, कापडाबरोबर हलतो, आणि तुटला तरी तेवढीच ओळ सुटते.

ओळींबद्दल एक गोष्ट. सगळ्या ओळी एकाच बाजूने सुरू करू नका. एक ओळ खालून वर, पुढची वरून खाली. एकाच दिशेने गेलात तर वरचं कापड हळूहळू त्या दिशेला सरकतं आणि चौकोनी गोधडी पतंगासारखी तिरकी होते. आमच्याकडे चौघी चार बाजूंना बसायच्या ते फक्त गप्पांसाठी नव्हे.

आपल्या शेजारच्या उत्तर कन्नड जिल्ह्यात, यल्लापूर-हल्याळच्या भागात सिद्दी समाजाच्या बायका 'कवंदी', म्हणजे त्यांच्याकडची गोधडी, करतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आणलेले, त्यातले बरेच पोर्तुगीज गोव्यातून निसटून त्या जंगलात राहिले. त्यांची पद्धत मला फार आवडते कारण ती नवखीला भीतीच ठेवत नाही. तुकडे आधी कापून, जुळवून घ्यायचे नाहीत. एका कोपऱ्यापासून सुरुवात करायची, हाताला येईल तो तुकडा ठेवायचा, कड आत दुमडायची आणि त्याच टाक्यात शिवत पुढे जायचं, फिरत फिरत मधे यायचं. शेवटी चार कोपऱ्यांना घड्या घालून केलेली 'फुलं' लावतात. फुलांशिवाय कवंदी त्यांना नागडी वाटते. रंगांची निवड करताना तुम्ही महिनाभर अडकून पडाल असं वाटत असेल तर ही रीत वापरून बघा.

आमच्या घरी शेवटचा मधला चौकोन बंद करायच्या आधी आज्जी त्यात भाकरीचा तुकडा ठेवायची, गोधडी उपाशी राहू नये म्हणून. मी शहरात आल्यावर मुंग्यांच्या भीतीने ते सोडलं. आता चार दाणे ज्वारीचे ठेवते. धुतल्यावर त्यांचं काय होतं ते मी कधी उसवून बघितलेलं नाही.

तुमच्या फुगलेल्या गोधडीचं काय करायचं? सगळी उसवू नका. फुग्याच्या भोवतीच्या चार-पाच चौकोनी ओळी काढा, मग त्या मधल्या जागेतून एका कडेपर्यंत जाणारा एक पट्टा, वीतभर रुंद, मोकळा करा. झोळ हाताने त्या वाटेने बाहेर काढा, कच्चे टाके घाला, कड पुन्हा दुमडा आणि तेवढाच भाग परत शिवा. एका संध्याकाळचं काम आहे.

आणि साड्या. आधी त्या अकराच्या अकरा धुऊन वाळवा आणि एकेक उन्हासमोर धरून बघा. जिथून ऊन आरपार दिसतं ते कापड विरलंय, ते आत जाईल. घट्ट विणीचं वर आणि खाली. लाल, मरून, गडद निळ्या काठांवर ओलं पांढरं फडकं दाबून ठेवा. रंग लागला तर ती साडी वेगळी, नाहीतर पहिल्या धुण्यात सगळी गोधडी गुलाबी होईल. इरकलीच्या लाल पदराची खास परीक्षा घ्या. नायलॉन किंवा टेरीलीन मिसळलेल्या साड्या, हाताला गुळगुळीत लागतात त्या, बाजूला काढा. त्या थरांमध्ये सरकतात आणि घाम धरतात.

मग उरलेल्यातली एक नऊवारी चार घड्या करून मधे ठेवा. एका सहावारीचे, म्हणजे साधारण साडेपाच मीटरचे, मधोमध दुमडून दोन भाग करा, एक वर, एक खाली. सहा थर झाले, थंडीला पुरेसे. पावणेतीन मीटर लांबीतलं जे पायथ्याला जास्त राहील ते कापा. त्याचाच गोट होईल. एवढीच काय ती कात्री. काठ मात्र कापू नका. काठ कापडापेक्षा दहा वर्षं जास्त टिकतो, तो वर दिसेल असा बाजूला घ्या.

आणि एक नऊवारी, त्यातली जी सगळ्यात जास्त नेसलेली असेल ती, शिवू नका. घडी करून कपाटात ठेवा. गोधडी पाच-सहा वर्षांनी आधी मानेपाशी विरते, मग पायापाशी, आणि तेव्हा ठिगळाला बाजारातलं कापड लावलंत तर ते पहिल्या धुण्यात आक्रसून आजूबाजूचं ओढून फाडतं. त्या लुगड्यातून लागेल तेवढं फाडून घ्या.